मत, मतदान आणि शेजार : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

मराठीत 'मत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. विचारांती बनलेला अभिप्राय हा एक अर्थ आणि निवडणुकीत दिलेला कौल हा दुसरा. 'माझे मत असे आहे' या वाक्यातील मत आणि 'मी मत दिले' या वाक्यातील मत यांचे रूप एकच असले, तरी वस्तू एक नाही. अभिप्रायाला कारणे असतात, अटी असतात, 'परंतु' असतो. मतदान यंत्रावर मात्र एकच कळ दाबायची असते. तेथे 'परंतु' नोंदवता येत नाही.

अटीतटीच्या निवडणुकीनंतर शेजाऱ्यांमध्ये जो दुरावा येतो, त्याचे एक कारण या दोन अर्थांच्या सरमिसळीत आहे. शेजाऱ्याने दिलेला कौल म्हणजेच त्याचा संपूर्ण विचार आणि पुढे तोच त्याचा स्वभाव, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार आपण धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून करू.

२. सहा महिन्यांतील दोन निकाल

उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले. जिल्ह्याचे नाव बदलले असले तरी लोकसभा मतदारसंघाचे नाव जुनेच आहे. त्यात धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद व परंडा, लातूर जिल्ह्यातील औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे विधानसभा मतदारसंघ येतात. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे ओमप्रकाश राजेनिंबाळकर यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या अर्चना पाटील यांचा ३,२९,८४६ मतांनी पराभव केला. एवढा फरक पाहून कोणीही म्हणेल, की या भागाचे मत एका बाजूला पक्के झाले आहे.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी याच भागाने विधानसभेसाठी मतदान केले. या वेळी उमरगा, उस्मानाबाद व बार्शी या जागा ठाकरे यांच्या शिवसेनेला मिळाल्या. तुळजापूर व औसा भारतीय जनता पक्षाकडे आणि परंडा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडे गेले. सहा जागांची विभागणी तीन-तीन अशी झाली. परंड्यातील निर्णय तर अवघ्या १,५०९ मतांनी लागला.

सहा महिन्यांत माणसांचे स्वभाव पालटले नाहीत. समोरचे प्रश्न आणि उमेदवार पालटले. कोणी सोयाबीनचा भाव पाहिला असेल. त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारातील दर त्याच्या खाली होते. कोणी 'लाडकी बहीण' योजनेचे खात्यावर जमा झालेले दीड हजार रुपये पाहिले असतील. कोणी जात पाहिली असेल, तर कोणी अडचणीच्या वेळी धावून आलेला माणूस पाहिला असेल. मोजणीत ही सारी कारणे गळून पडतात आणि फक्त आकडा उरतो.

पक्षही जागच्या जागी राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. परिणामी २०१९ मध्ये एकाच चिन्हाचा प्रचार केलेले दोन शेजारी २०२४ मध्ये, स्वतःचे विचार फारसे न बदलताही, समोरासमोर उभे ठाकू शकले. लोकसभेची ही लढत तर 'दीर विरुद्ध भावजय' अशीच ओळखली गेली. कारण दोन्ही उमेदवार एकाच भावकीतील होते. अर्चना पाटील राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार असताना त्यांचे पती राणाजगजितसिंह पाटील भाजपचे आमदार होते. नेत्यांच्या घरात पक्षाची रेघ इतकी लवचीक असते. ती तुमच्या गल्लीतच दगडी भिंत का व्हावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

३. गुप्त मतदान आणि उघडे अंदाज

कायद्याने मत गुप्त आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ नुसार कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. ही तरतूद मतदाराला सत्ताधाऱ्यापासून जशी संरक्षण देते, तशीच ती शेजाऱ्यापासूनही देते.

व्यवहारात मात्र या गुप्ततेला एक फट आहे. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांवरील मोजणी केंद्रनिहाय होते आणि तिचे आकडे जाहीर होतात. विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात अनेक केंद्रांची मते एकत्र मोजावीत अशी शिफारस केली होती. आजही गावातील एका केंद्रावरचा आकडा पाहून 'अमुक वस्ती फुटली', 'अमुक गल्लीने दगा दिला' असे अंदाज बांधले जातात. ज्याच्यावर संशय येतो, त्याला तो खोडता येत नाही; कारण आपले मत कोणाला, हे सिद्ध करण्याचा मार्गच नसतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षचिन्हे नसतात, पॅनेल असतात आणि प्रभागात थोडेच मतदार असतात. तेथे हे अंदाज अधिक बोचरे होतात.

४. क्रियापदाचे विशेषण होते तेव्हा

भाषेचे विद्यार्थी म्हणून पुढील दोन वाक्ये तपासा : 'त्यांनी त्या पक्षाला मत दिले' आणि 'ते त्या गटाचे आहेत'. पहिल्या वाक्यात एका दिवशी केलेली कृती आहे. दुसऱ्यात क्रिया नाहीशी होते आणि 'चा-ची-चे' हा प्रत्यय माणसाला गटाच्या मालकीचा करून टाकतो. यापुढची पायरी म्हणजे 'गद्दार', 'अंधभक्त', 'चमचा' यांसारखी शेलकी नावे. कृती बदलता येते, नाव मात्र चिकटते. म्हणूनच निवडणुकीतील वाद क्रियापदाच्या पातळीवर असेपर्यंत निभावतो. तो नामाच्या पातळीवर गेला की दुखावतो.

गावाच्या नावाचेही असेच झाले आहे. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले 'उस्मानाबाद' हे नाव जाऊन २०२३ मध्ये 'धाराशिव' हे नाव अधिकृत झाले. आता बोलण्यात कोणते नाव आले यावरून माणसाची बाजू ठरवली जाते. वास्तविक एखाद्या वृद्धाच्या तोंडी 'उस्मानाबाद' येते ते आयुष्यभराच्या सवयीने, आणि दुसऱ्याच्या तोंडी 'धाराशिव' येते ते आजीकडून ऐकलेले म्हणून. ऐकणाऱ्याने मात्र दोघांचेही मतदान ठरवून टाकलेले असते.

५. शेजाराचा स्वतंत्र हिशेब

शेजारधर्म निवडणुकीपेक्षा जुना आहे आणि त्याचा हिशेब वेगळा आहे. मराठवाड्यात वारंगुळा ही रीत आहे : आज मी तुमच्या शेतात, उद्या तुम्ही माझ्या. पेरणी-काढणीच्या दिवसांत ही देवाणघेवाण पक्ष विचारून होत नाही. सामाईक बांध, विहिरीची पाळी, रात्री-अपरात्री लागणारी गाडी आणि मयतीला लागणारे खांदे यांचेही तसेच आहे.

लातूर-धाराशिव परिसरातील येळवस, म्हणजे वेळअमावस्या, हे याचे ठळक उदाहरण. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण असते. ज्यांना शेत नाही त्यांनाही आग्रहाने बोलावले जाते. २०२४ मध्ये येळवस ३० डिसेंबरला, म्हणजे विधानसभेच्या निकालानंतर अवघ्या ३७ दिवसांनी आली. अशा वेळी कोणाला बोलावणे धाडायचे आणि कोणाला वगळायचे, हा प्रत्येक घरापुढचा खरा प्रश्न असतो. एक बोलावणे चुकले तर पुढच्या वर्षी समोरून येणारेही चुकते, आणि दुरावा निवडणुकीपेक्षा दीर्घायुषी होतो.

६. सलोख्याची मर्यादा

मात्र 'झाले गेले विसरा' हा उपदेश सर्वांना सारख्याच किमतीत पडत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सप्टेंबर २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाडा ढवळून निघाला आणि इतर मागासवर्गीयांच्या मनात स्वतःच्या वाट्याविषयी चिंता निर्माण झाली. दोन्ही बाजूंसाठी हा मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न आहे. तो चहाच्या एका पेल्याने मिटणारा नाही. तसेच ज्यांची वस्तीच गावाबाहेर ठेवली गेली, त्यांच्या बाबतीत 'शेजार' हा शब्दही पुरता खरा नव्हता. दुबळ्याने गप्प बसावे आणि त्यालाच गावाची एकी म्हणावे, हा सलोखा नव्हे. 'बिनविरोध' निवडणुकीचे कौतुक करतानाही विरोध खरोखर नव्हता की त्याला जागाच नव्हती, हे पाहावे लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका दाखवला, आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता टिकत नाहीत हेही स्पष्ट केले. या दोन विचारांचा परस्परसंबंध आहे. नेत्यावर भक्ती जडली की त्याला नाकारणारा शेजारी शत्रू वाटतो. बंधुता मतभेद पुसत नाही. भेद उघडपणे मांडूनही दोघांना एकाच गावात सन्मानाने राहता येईल, एवढी जागा ती राखते.

७. समारोप

शेजाऱ्याने दिलेले मत तुम्हाला निश्चितपणे माहीत नसते. माहीत असले तरी त्यामागची कारणे माहीत नसतात. आणि ती कारणे पुढच्या निवडणुकीत टिकतीलच असेही नाही. त्याच्याशी वाद जरूर घालावा, पण तो त्याच्या अभिप्रायाशी घालावा. त्यासाठी आधी तो अभिप्राय विचारावा लागतो आणि ऐकून घ्यावा लागतो.

सरावासाठी प्रश्न

१. 'मत' या शब्दाचे दोन अर्थ सांगून त्यांच्या सरमिसळीचा परिणाम स्पष्ट करा.
२. केंद्रनिहाय मतमोजणीचा गावातील संबंधांवर कोणता परिणाम होतो?
३. तुमच्या गावात निवडणुकीच्या काळात वापरली गेलेली पाच विशेषणे नोंदवा. ती व्यक्तीच्या कृतीविषयी आहेत की व्यक्तीविषयी, ते ठरवा.
४. 'बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाची एकी' या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.