वनोद्यान

वनोद्यान : नैसर्गिक वनाची रचना डोळ्यांसमोर ठेवून, उंच वृक्षांच्या सावलीत वाढू शकणाऱ्या झुडुपांची, वेलींची, नेच्यांची व कंदवर्गीय वनस्पतींची लागवड करून तयार केलेल्या उद्यानास ‘वनोद्यान’ म्हणतात. भौमितिक आकृत्यांचे वाफे, कातरलेली कुंपणे व दर हंगामास बदलली जाणारी फुलझाडे ही रूढ उद्यानाची लक्षणे वनोद्यानात आढळत नाहीत. येथे वृक्ष हाच रचनेचा पाया असून इतर वनस्पतींची निवड त्याच्या सावलीच्या प्रमाणावर अवलंबून असते. पक्ष्यांचा वावर हे अशा उद्यानाचे महत्त्वाचे अंग असल्याने त्यात पाण्याची उथळ पात्रे व लाकडी घरटीपेट्या यांचीही योजना करतात.

इतिहास : वनोद्यानाची आधुनिक कल्पना प्रामुख्याने इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. त्या काळी उबदार काचगृहांत वाढविलेली रोपे उन्हाळ्यापुरती वाफ्यांत लावून थंडी सुरू होताच काढून टाकण्याची प्रथा होती. मूळचे आयरिश असलेले उद्यानतज्ञ विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) यांनी या खर्चिक व कृत्रिम पद्धतीवर कठोर टीका केली. द वाइल्ड गार्डन (१८७०) या ग्रंथात त्यांनी, त्या हवामानात आपोआप टिकून राहतील अशा देशी व परदेशी वनस्पती राईत, कुरणात व ओढ्याकाठी मोकळेपणाने लावाव्यात, असे प्रतिपादन केले. ससेक्स परगण्यातील ग्रेव्हटाय मॅनर या आपल्या मालमत्तेत त्यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांनी सरे परगण्यातील मन्स्टेड वुड येथे, भूर्जासारख्या विरळ छायेच्या वृक्षांखाली फुलझाडांचे मोठे समूह लावून रंगसंगतीचे नवे वळण दिले.

या उद्यानांच्या समृद्धीस भारतीय उपखंडातील वनस्पतींचा मोठा हातभार लागला. जोसेफ डाल्टन हुकर यांनी १८४८–५० या काळात सिक्कीम-हिमालयाच्या प्रवासात ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींचे बी गोळा करून इंग्लंडला पाठविले. आम्लधर्मी, पालापाचोळ्याने समृद्ध जमीन आणि विरळ सावली या जातींना मानवत असल्यामुळे त्या तेथील वनोद्यानांचे मुख्य आकर्षण ठरल्या. विंडसर ग्रेट पार्कमध्ये एरिक सॅव्हिल यांनी १९३०–४० या दशकात उभारलेले उद्यान या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय.

परकीय वनस्पतींच्या मुक्त लागवडीचे दुष्परिणामही याच देशात दिसून आले. अठराव्या शतकात आणलेली ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम ही जाती उद्यानांबाहेर पसरली. तिच्या सदाहरित दाट छायेखाली मूळच्या वनौषधी व वृक्षांची रोपे वाढू शकत नाहीत. त्यामुळे अनेक वनांत तिच्या निर्मूलनावर मोठा खर्च करावा लागतो. महाराष्ट्रात शोभेचे झुडूप म्हणून आलेल्या घाणेरीचा अनुभव याहून निराळा नाही. म्हणून नवी वनस्पती निवडताना ती आपोआप पसरते किंवा कसे, हे आधी पाहणे इष्ट ठरते.

सावली व वनस्पती : वृक्षांच्या पर्णसंभारातून जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश दाट वनात पूर्ण उन्हाच्या काही शतांशच असतो. छायाप्रिय वनस्पतींची पाने तुलनेने रुंद व पातळ असून कमी प्रकाशातही त्यांतील प्रकाशसंश्लेषण श्वसनाचा खर्च भागवू शकते. अशी पाने एकदम प्रखर उन्हात आल्यास करपतात. सावलीचे स्थूलमानाने तीन प्रकार करतात : पानांतून ऊन झिरपणारी विरळ सावली, दिवसाच्या ठराविक वेळीच ऊन मिळणारी अर्धसावली आणि सदाहरित वृक्षांखालील गडद सावली. पहिल्या दोहोंत पुष्कळ फुलझाडे येतात. तिसरीत नेचे व काही पर्णशोभेच्या वनस्पतीच तग धरतात.

सावलीइतकाच ओलाव्याचा प्रश्नही महत्त्वाचा असतो. वृक्षांची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरलेली असतात व ती लहान रोपांशी स्पर्धा करतात. यामुळे वृक्षाच्या बुंध्यालगत लावलेली रोपे बहुधा कोमेजतात.

यूरोपातील पानझडी वनात हिवाळ्याच्या शेवटी वृक्षांवर पाने नसतात, जमीन मात्र ओली असते. स्नोड्रॉप, प्रिमरोझ, ब्लूबेल यांसारख्या वनस्पती या अवधीचा लाभ घेऊन, वरचे छत्र दाट होण्यापूर्वीच फुलून घेतात. मोसमी पावसाच्या प्रदेशात ही स्थिती उलटी असते. येथील पानझडी वृक्ष उन्हाळ्यात निष्पर्ण होतात तेव्हा प्रकाश भरपूर असतो, पण जमीन कोरडी असते. पाऊस पडून ओल मिळते तेव्हा पालवीही दाट होत जाते. त्यामुळे येथील वनस्पती कंदरूपाने उन्हाळा काढतात व पहिल्या पावसाबरोबर झपाट्याने वाढतात. भुईचाफा पाने येण्यापूर्वीच उन्हाळ्यात फुलतो, तर पेव व रानहळद पावसाळ्यात बहरतात. इंग्रजी ग्रंथांतील वनस्पतींच्या याद्या जशाच्या तशा येथे उपयोगी पडत नाहीत, त्याचे कारण या ऋतुमानातील फरकात आहे.

रचना व लागवड : वनोद्यानात चार स्तर कल्पितात. सर्वांत वर उंच वृक्ष, त्याखाली लहान वृक्ष, नंतर झुडुपे व सर्वांत खाली भूमिलग्न वनस्पती. महाराष्ट्रात वरच्या स्तरासाठी जांभूळ, हिरडा, करंज. दुसऱ्या स्तरासाठी बकुळ, सीताअशोक, कोकम. तिसऱ्यासाठी अबोली, सर्पगंधा. आणि तळाशी हंसराज व इतर नेचे, पेव, भुईचाफा यांचा उपयोग करता येतो. कोकम व बहुतेक नेचे यांना कोकण-घाटमाथ्याची दमट हवा मानवते; पठारी भागात त्यांना उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे लागते.

जागेवर जुने वृक्ष असल्यास ते राखून, केवळ खालच्या काही फांद्या काढून सावली विरळ करतात. बुंध्याभोवती मातीची भर घालणे टाळावे. त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही व वृक्ष कालांतराने वाळतो. रोपे लावताना मोठी मुळे न तोडता त्यांमधील मोकळ्या जागा हेरतात. रोपे एकेकटी न लावता समूहाने लावल्यास वनाचा भास होतो. पायवाटा वळणाच्या व वृक्षांच्या ठेवणीला अनुसरून आखतात.

गळलेला पाला हे वनोद्यानाचे खरे खत होय. तो झाडून जाळण्याची सर्रास पद्धत या उद्यानास मारक ठरते. पाला जागच्या जागी कुजू दिल्यास ओल टिकते, तण कमी उगवते आणि गांडुळे व कीटक यांची वाढ होते. जमिनीवर भक्ष्य शोधणाऱ्या दयाळ, सातभाई यांसारख्या पक्ष्यांचे अन्न या पाल्यातच असते. उन्हाळ्यात वणव्याचा धोका असल्यास कडेने पाल्याविना मोकळा पट्टा ठेवतात.

घरटीपेट्या : अनेक पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. सुतार पक्षी व तांबट स्वतः ढोली कोरतात. साळुंकी, दयाळ, राखी वल्गुली, पिंगळा इ. पक्षी नैसर्गिक किंवा इतरांनी सोडलेल्या ढोलीचा आश्रय घेतात. नव्याने केलेल्या उद्यानात जुनी, पोकळ झाडे नसल्याने ही उणीव लाकडी पेट्यांनी भरून काढतात. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात चार्ल्स वॉटर्टन (१७८२–१८६५) यांनी आपल्या वॉल्टन हॉलच्या परिसराभोवती भिंत बांधून शिकारीस बंदी केली व पक्ष्यांसाठी निवाऱ्यांची सोय केली. जर्मनीत हान्स फोन बेर्लेप्श यांनी सुतार पक्ष्याच्या ढोलीचे बारकाईने निरीक्षण करून तिच्या आतील आकाराबरहुकूम पेट्या तयार केल्या.

पेटीच्या छिद्राच्या व्यासावर तीत कोणता पक्षी राहणार हे ठरते. ब्रिटनमध्ये निळ्या वल्गुलीसाठी २५ मिमी., मोठ्या वल्गुलीसाठी २८ मिमी. व चिमणीसाठी ३२ मिमी. व्यासाचे छिद्र ठेवतात. उत्तर अमेरिकेतील निळ्या पक्ष्याच्या पेटीस सु. ३८ मिमी. छिद्र असते. त्यातून तेथे १८९० मध्ये यूरोपातून आणून सोडलेल्या व पुढे सर्वत्र पसरलेल्या स्टार्लिंगला शिरता येत नाही. दयाळ व साळुंकी यांना अर्थातच याहून मोठे छिद्र लागते.

बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या पेट्या बहुधा माणसाच्या दृष्टीने केलेल्या असतात. भडक रंगामुळे शत्रूंचे लक्ष वेधले जाते. दारापुढील दांडीची ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यास गरज नसते. उलट तिच्या आधाराने भक्षक पक्ष्यांना पिलांपर्यंत पोहोचणे सोपे होते. पत्र्याची किंवा पातळ भिंतींची पेटी उन्हात इतकी तापते की आतील पिले मरू शकतात. म्हणून पेटी किमान १५ मिमी. जाडीच्या, रसायने न लावलेल्या लाकडाची असावी. छप्पर पुढे झुकलेले, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे आणि सफाईसाठी उघडणारी एक बाजू असावी. छिद्र तळापासून पुरेसे उंच असल्यास मांजराचा पंजा पिलांपर्यंत पोहोचत नाही. शोभा आणावयाची असल्यास सालीसह लाकूड वापरणे किंवा बाहेरून फिका मातकट रंग देणे पुरेसे होते.

पेटी जमिनीपासून सु. २ ते ४ मी. उंचीवर, दुपारचे ऊन व पावसाचा मारा चुकवून बसवितात. महाराष्ट्रात नैर्ऋत्येकडे तोंड करणे याच कारणाने टाळतात. एकाच जातीच्या पक्ष्यांसाठी अनेक पेट्या जवळजवळ लावल्यास क्षेत्ररक्षणावरून झुंजी होतात. विणीच्या काळात पेटी उघडू नये. पिले उडून गेल्यानंतर जुने घरटे काढून पेटी स्वच्छ केल्यास परजीवींचा उपद्रव कमी होतो.

निगा : पहिली दोन-तीन वर्षे पाणी व तणनियंत्रण यांकडे लक्ष द्यावे लागते; पुढे वनस्पती जमीन झाकू लागल्यावर श्रम कमी होतात. दाट होत जाणारी सावली अधूनमधून फांद्या विरळ करून आटोक्यात ठेवतात. हे काम विणीचा हंगाम सोडून करावे. कीटकनाशकांचा वापर टाळतात, कारण धान्यभक्षी पक्षीदेखील पिलांना मुख्यतः अळ्या व कीटक भरवितात. वठलेला वृक्ष पडून इजा होण्याचा धोका नसल्यास तो न तोडता तसाच उभा ठेवतात. सुतार पक्षी व तांबट त्यात ढोली कोरतात आणि ज्या उद्यानात असे वृक्ष पुरेसे असतात तेथे घरटीपेट्यांची गरज हळूहळू कमी होत जाते.