कैलासाखालचा रावण

वेरुळच्या सोळाव्या लेण्यात पाऊल टाकलं की मान आपसूक वर जाते. एका अखंड खडकातून, वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात ते घडलं. पण शिखर पाहून झालं की दक्षिणेच्या अंगणात जावं आणि नजर खाली आणावी. तिथे रावण आहे.

गोष्ट सर्वांच्या ओळखीची. बळाच्या गर्वाने रावण कैलास पर्वत हलवू लागला. शिवाने पायाने पर्वत दाबला आणि रावण खाली अडकला. पुढे त्याने स्तुती केली, शिव प्रसन्न झाला. म्हणून या शिल्पाला ‘रावणानुग्रह’ म्हणतात. शिक्षेचं नव्हे, कृपेचं नाव!

वेरुळच्या कारागिरांचा हा आवडता प्रसंग असावा. चौदाव्या, एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही तो आहे. पण तिथे तो भिंतीवर कोरलेला प्रसंग आहे. सोळाव्या लेण्यात पाथरवटाने खडक खोल पोखरून गुहाच केली आणि रावणाला तिच्यात जवळजवळ सुटा कोरला. त्याचे अनेक हात चहूकडे ताणलेले, अंगाभोवती दाट काळोख. छिन्नीने दगड काढला जातो, हे खरं. इथे काढलेल्या दगडाच्या जागी सावली भरली आहे, आणि पर्वताचं ओझं त्या सावलीतूनच जाणवतं.

वरच्या भागात उजेड आहे. घाबरलेली पार्वती शिवाला बिलगून त्याचा हात धरते. एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. शिव मात्र शांत बसला आहे. एकाच हादऱ्याला तीन उत्तरं, आणि तिन्ही केवळ देहाच्या वळणातून दिलेली.

या शिल्पाची जागा मला सर्वांत मोलाची वाटते. मंदिराचं नावच कैलास, आणि त्याच्याच तळाशी रावण. म्हणजे तो जो पर्वत हलवू पाहतो, तो मूर्तीच्या चौकटीत मावत नाही. वरचे मंडप, गाभारा, शिखर हे सारंच त्याच्या हातांवरचं ओझं होतं. शिल्प मंदिराची शोभा वाढवत नाही, मंदिरच शिल्पातल्या कथेचं एक पात्र होतं. मूर्तिकार आणि स्थपती यांचा विचार एकच असल्याशिवाय हे जमत नाही.

बाराशे वर्षं झाली. रावणाचा जोर ओसरलेला नाही, आणि कैलास जागचा हललेला नाही.