‘गॉना’ला व्याकरण असतं का?

‘आयम गॉना ईट’ हे इंग्रजी बरोबर की चूक? आपल्यातले बरेच जण ‘चूक’ म्हणतील. मला वाटतं, आपण अनौपचारिक आणि अशुद्ध या दोन गोष्टींची गल्लत करतो.

‘गॉना’ म्हणजे ‘गोइंग टू’चं बोलण्यातलं आखूड रूप. पण ते कुठेही चालत नाही. पुढे क्रियापद हवं. ‘आयम गॉना देवास’ असं कुणी इंग्रज म्हणणार नाही. ‘पुट ऑफ’चंही तसंच. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं, पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की ‘पुट इट ऑफ’ हेच बरोबर. असे नियम लहानपणापासून इंग्रजी बोलणारा माणूस न शिकता पाळतो. नियम आहे म्हणजे व्याकरण आहेच. ‘शुड हॅव्ह’ऐवजी ‘शुड ऑफ’ लिहिणं ही मात्र चूकच. ऐकलं तसं लिहिल्यामुळे झालेली.

मराठीत बघा. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ झालं, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. कथा-कादंबऱ्यांत ही रूपं सर्रास छापून येतात. प्राचार्यांना अर्ज लिहिताना आपण ती टाळतो, इतकंच. ‘गॉना’लाही तोच न्याय लावायला हवा.

धारच्या भोजशाळा-कमाल मौला वास्तूत नागाच्या आकारात कोरलेले संस्कृत व्याकरणाचे तक्ते आहेत. त्यांत क्रियापदांचे प्रत्ययही आहेत. ते दगडात आहेत तसेच राहिले. लोकांची भाषा मात्र पुढे गेली. धार आणि देवास इथे पवारांची राज्यं होती, म्हणून तिथे आजही मराठी घरं आहेत. माझं घर त्यांतलंच एक, देवासचं. आमच्या मराठीत हिंदीची वळणं येतात. ‘ही कसली मराठी?’ असं दोनदा ऐकलं की आमच्याकडची मुलं सरळ हिंदीत बोलायला लागतात. इंग्रजीच्या तासाला तर तोंडच उघडत नाहीत. ‘अशुद्ध’ हा शिक्का असा महागात पडतो.

म्हणून परीक्षेत ‘गोइंग टू’च लिहा, मार्क जायला नकोत. मैत्रिणीला मेसेज करताना ‘गॉना’ खुशाल वापरा. आणि कुणाचं वाक्य वेगळं वाटलं, तर चूक म्हणण्याआधी त्यात काही नियम दिसतो का, ते जरा बघा.