शाळकरी मुले आणि भोसरीचे कारखाने : शिकायला पाठवावे, पण कसे?



गेल्या काही महिन्यांत मंडळीतील तीन-चार जणांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली. एकांचे भोसरी एमआयडीसीत छोटे वर्कशॉप आहे. ते म्हणाले, "वसतिगृहातली दोन-तीन मुले उन्हाळ्यात माझ्याकडे पाठवा, काम शिकतील." चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर असलेल्या भावाने विचारले, "नववी-दहावीच्या मुलांना इंटर्नशिप देता येते का?" एका भगिनीचे म्हणणे होते, "मुलांनी शाळा सोडून कारखान्यात जाऊ नये म्हणून आपण वसतिगृह चालवतो, मग आपणच त्यांना तिकडे का धाडायचे?"

तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मी स्वतः भोसरीत टूल रूममध्ये बरीच वर्षे काढली. आता वसतिगृहातील मोठ्या मुलांना दहावीनंतरच्या वाटा समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून आणि कायद्यात जे आहे त्यावरून हा विषय मांडतो.

आपली मुले कोठून येतात

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी सोडली की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ही गावे लागतात. त्यांच्या पश्चिमेला खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा डोंगराळ भाग आहे. तिथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

म्हणजे देशातील एक मोठा औद्योगिक पट्टा आणि या वाड्या एकाच रस्त्यावर आहेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्यानंतर पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने वाढत गेले. वाडीतल्या मुलाला कारखाना दूर नाही. एसटीत बसले की दुपारपर्यंत तो भोसरीच्या पुलाखाली उतरतो. मुलगा कारखान्यापर्यंत पोहोचेल की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. तो कोणाचा हात धरून आणि कोणता कागद घेऊन आत जातो, हा खरा प्रश्न आहे.

दहावी झालेला किंवा दहावीत गेलेला मुलगा बहुतेक वेळा गावच्याच एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर ठेकेदाराकडे जातो. ठेकेदार त्याला 'हेल्पर' म्हणून लावतो. करारपत्र नसते. कधी कधी वयही वाढवून सांगितले जाते. दोन-तीन वर्षे तो माल उचलतो, बर काढतो, गाड्या भरतो. एवढा काळ राबूनही त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटर धरता येत नाही. ठेकेदार बदलला की हातात दाखलाही नसतो. आपल्या वसतिगृहातून गेलेल्या एका मुलाची दोन बोटे पॉवर प्रेसवर गेली. तो त्या कारखान्यात कामाला होता हे दाखवणारा एकही कागद त्याच्या घरच्यांकडे नव्हता, त्यामुळे भरपाई मागायची कोणाकडे हेच कळेना. तेव्हापासून मुलांशी बोलताना मी आधी कागदाविषयी बोलतो, यंत्राविषयी नंतर.

तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

आपण 'नोकरी', 'इंटर्नशिप' आणि 'अप्रेंटिस' हे शब्द सरमिसळ वापरतो. ते वेगळे समजून घेतले पाहिजेत.

नोकरीत माणूस मालकाचे काम करतो आणि त्याबद्दल पगार घेतो. इंटर्नशिप म्हणजे शिक्षण चालू असताना थोड्या दिवसांसाठी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहणे आणि शिकणे. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार. त्याचे प्रशिक्षण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, नोंदलेल्या कराराने होते. या कायद्याप्रमाणे तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. मालकाने त्याला विद्यावेतन द्यायचे असते, शिकवायचे असते, आणि प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकावर असते. उमेदवार अल्पवयीन असेल तर करारावर पालकाची सही लागते.

पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या मुलाकडे असा करार असता, तर त्याच्या आईवडिलांना दारोदार फिरावे लागले नसते.

कोणत्या वयाला काय

चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावणे हा गुन्हा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा ते अठरा या किशोरवयातील मुलांनाही खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया या ठिकाणी कामाला ठेवता येत नाही. आपल्या ओळखीचा कारखाना असला, हेतू चांगला असला, तरी यात सवलत नाही.

मग शाळकरी मुलांना काहीच नाही का? आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची कल्पना आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे आणि करून बघावे, असे त्यात म्हटले आहे. सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतही अशी संधी मिळावी, हेही त्यात आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि घर-आरोग्य यांतून विज्ञान शिकवणारा 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तिथून पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. शाळा सुटलेल्या मुलांसाठीही तिथे निवासी अभ्यासक्रम चालतो.

वय चौदा पूर्ण झाले की कायद्याने शिकाऊ उमेदवार होता येते. धोकादायक उद्योगांत मात्र अठरा पूर्ण लागतात. २०१९ साली किमान मासिक विद्यावेतन असे ठरले होते : पाचवी ते नववी झालेल्यास ५,००० रुपये, दहावी झालेल्यास ६,००० रुपये, बारावी किंवा आयटीआय झालेल्यास ७,००० रुपये. तरीही माझे मत स्पष्ट आहे : चौदाव्या वर्षी कायदा परवानगी देतो म्हणून शाळा सोडवू नये. दहावी होऊ द्यावी, मग आयटीआय आणि नंतर शिकाऊ उमेदवारी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा. वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश मिळतो, म्हणून नापास झालेल्याने लगेच ठेकेदाराची वाट धरण्याचे कारण नाही. महापालिकेची आयटीआय पिंपरीत मोरवाडीला आहे. मुलींसाठी कासारवाडीला आहे.

वर्तमानपत्रांत अलीकडे दोन योजनांची नावे येतात. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ती अठरा वर्षांपुढील तरुणांसाठी आहे. त्याच वर्षी सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीला एकवीस ते चोवीस वयासाठी होती. दोन्ही शाळकरी मुलांसाठी नाहीत. कोणी या योजनांच्या नावाने सोळा वर्षांच्या मुलाचा अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मुलाला सुट्टीत बोलवायचे असेल तर

वर्कशॉप असलेल्या बांधवांसाठी हे लिहितो. नववी-दहावीच्या मुलांना तुम्ही आठ-दहा दिवस बोलावले, तर ते शिकण्यासाठीच असावे, उत्पादनासाठी नसावे. दोघांत फरक कसा ओळखायचा? मुले आली नाहीत म्हणून तुमचा माल अडला, तर ती शिकत नव्हती, राबत होती. ही कसोटी मला पुरेशी वाटते.

पहिल्या दिवशी फक्त सुरक्षा शिकवा : बूट, चष्मा, सैल कपडे का नकोत, इमर्जन्सी बटण कोठे असते. पुढे दोन दिवस मोजमाप : पट्टी, व्हर्निअर, मायक्रोमीटर. वाडीवरून आलेल्या मुलाला मिलिमीटरचा शंभरावा भाग हातात मोजता आला की त्याच्या चेहऱ्यावर काय येते, ते मी पाहिले आहे. मग एका साध्या भागाचे ड्रॉइंग घ्या. कच्चा माल आल्यापासून तो तपासून पॅक होईपर्यंत त्या भागामागे मुलांना फिरवा. एक दिवस ऑफिसात बसवून चलन आणि बिल दाखवा. व्हाइसवर कानस चालवू द्या. पॉवर प्रेस, ग्राइंडर, भट्टी आणि प्लेटिंगचे टाके यांच्याजवळ त्यांना काम देऊ नका. शेवटी मुलाने काय पाहिले, काय शिकले, याचे सहीशिक्क्याचे पत्र द्या. ते पत्र तो वर्षानुवर्षे जपून ठेवतो.

आणखी एक गोष्ट शहरातल्या आपल्यासारख्यांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात बाळहिरडा गोळा करण्याचे दिवस असतात. घरातली सगळी माणसे, मुलेसुद्धा, रानात असतात. वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग त्यातून येतो. पाऊस पडला की भातलावणी सुरू होते. अशा घरातला मुलगा दहा दिवस फुकट शिकायला आला, तर घराचे तेवढे उत्पन्न बुडते. शहरातल्या मुलाला इंटर्नशिप फुकट परवडते, वाडीतल्या मुलाला परवडत नाही. म्हणून एसटीचे भाडे, दोन वेळचे जेवण आणि थोडे हातखर्चाचे पैसे यांची सोय आधी करावी लागते. तारखाही घरच्यांना विचारून ठरवाव्यात. दिवाळीची सुट्टी अनेकदा सोयीची पडते.

कागदपत्रे

आयटीआय असो वा शिकाऊ उमेदवारी, अडते ते कागदावर. जन्माचा दाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे हवेच. शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उमेदवाराच्या खात्यात थेट जमा करते. खाते जोडलेले नसेल तर हे पैसे अडकतात. शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जमातींसाठी राखीव जागाही आहेत, पण जातीचा दाखला नसेल तर त्या जागांचा उपयोग काय? कामासाठी सतत फिरणाऱ्या कातकरी कुटुंबात आईवडिलांचीच नोंद नसते. तिथे एका मुलाच्या दाखल्यासाठी अनेक हेलपाटे पडतात. हे काम आठवीतच सुरू करायला हवे. दहावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आपण काय करू शकतो

तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे चाळीस माणसांच्या कारखान्यात किमान एक. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या शॉपला सक्ती नाही, पण त्यालाही सरकारी पोर्टलवर नोंदणी करून उमेदवार घेता येतो. भोसरीच्या एस, टी, जे ब्लॉकमध्ये अशी छोटी शॉप गल्लीगल्लीत आहेत. त्यांपैकी काही आपल्याच मंडळीतील लोकांची आहेत. तुमच्या कंपनीतल्या पर्सोनेल विभागाला एवढेच विचारा : "या वर्षी आपण किती अप्रेंटिस घेतले? आदिवासी मुले किती?" विचारल्याने बऱ्याच गोष्टी हलतात.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही, त्यांनी एका मुलाच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत सोबत जावे. आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरून द्यावा. भोसरी-दिघी परिसरात शिकाऊ उमेदवार मुलाला भाड्याने खोली मिळवून द्यावी आणि रविवारी उपासनेनंतर जेवायला घरी बोलवावे. शहरात पहिल्या तीन महिन्यांतच पुष्कळ मुले परत जातात. त्यामागे कामाचे कष्ट कमी असतात आणि एकटेपण जास्त.

त्या भगिनींच्या प्रश्नाला माझे उत्तर हे : आपण पाठवले नाही तरी मुले कारखान्यात जातातच. आपण एवढेच करू शकतो की ती उशिरा जातील, शिकून जातील आणि हातात कागद घेऊन जातील. आपल्या प्रभूला लोक सुतार म्हणून ओळखत होते आणि प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरीत असे. हाताच्या कामात कमीपणा नाही. पण लेकराच्या अज्ञानाचा फायदा घेऊन त्याचे हात वापरणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या ओळखीच्या गेटच्या आतही घडत असू शकतो.

या तिमाहीत प्रार्थनेसाठी विषय : दहावीच्या वर्गातील आपली मुले व मुली, ज्यांचे दाखले अजून निघाले नाहीत ती कातकरी कुटुंबे, आणि आपल्या शॉपचे दार शिकण्यासाठी उघडू इच्छिणारे बांधव. ज्यांना मुले बोलवायची आहेत त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. जागा पाहायला मी स्वतः येईन.