गोरेपणाच्या डबीतला पारा

2023 च्या जानेवारीत अकोल्याची एक बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रांत झळकली. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका तरुणीने स्थानिक ब्यूटीशियनकडून चेहऱ्याची क्रीम आणली. रंग उजळला, कौतुक झालं, मग आई आणि मोठी बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. एकाच घरात तिघींना हा आजार का व्हावा, हे कोडं मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुटलं. तिथल्या आयुर्वेद प्रयोगशाळेने क्रीम तपासली, तर पारा निघाला हजारो पीपीएम. कायद्याची मर्यादा आहे एक पीपीएम, म्हणजे किलोभर क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. तोही मुद्दाम घातलेला चालत नाही, नकळत आलेला असेल तरच.

पाऱ्याने रंग खरोखरच उजळतो, पंचाईत तिथेच आहे. त्वचेला सावळेपणा देणारं मेलॅनिन ज्या विकरामुळे तयार होतं, ते टायरोसिनेज पारा अडवतो. गुण दिसला की बाई दुसरी डबी आणते. तोवर पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचलेला असतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं वाहू लागतात. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात अशा बिघाडाचे 22 रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या 15 जणांत ‘नेल-1’ प्रथिनाशी जोडलेला प्रकार आढळला आणि या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

‘आमचं सगळं नैसर्गिक’ असं विक्रेता सांगतो तेव्हा मला हिंगूळ आठवतो. तो खाणीतून निघतो, आणि तो पाऱ्याचंच संयुग आहे. उलट लिपस्टिकमधला तांबडा लोहऑक्साइड बहुधा कारखान्यात बनवतात, कारण जमिनीतल्या गेरूबरोबर शिसं आणि आर्सेनिक येऊ शकतं. हळदीवर चुना किंवा टाकणखार-लिंबाची प्रक्रिया करून केलेलं घरचं कुंकू आणि शेंदूर, दोन्ही तांबडेच. पण शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तो मारुतीच्या अंगावर शोभतो, भांगात नको. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने 2017 मध्ये भांगात भरण्याच्या सिंदूराच्या 118 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 23 भारतातले होते, आणि त्यांतल्या 43 टक्क्यांत शिसं 20 पीपीएमच्या वर होतं.

आपल्याकडेही शिशाची मर्यादा 20 पीपीएमच आहे. आर्सेनिकला दोन. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली 2020 मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले. त्यांत शिसं आणि आर्सेनिकची संयुगं रंग म्हणून वापरायला बंदी आहे. कारखान्याला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. नियम कच्चे नाहीत. पण परवान्याशिवाय घरी घोटून बिननावाच्या डबीत भरलेली क्रीम कोणत्या नोंदवहीत सापडणार? रिद्धपूरसारख्या यात्रेच्या गावी कुंकू राशीतून तोलून पुडीत बांधून मिळालं, तर तिथेही निरीक्षकाला कारखाना शोधायला धागा नसतो.

म्हणून डबीवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, वापराची मुदत आणि घटकांची यादी शोधावी. यादीत ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसलं तर डबी परत करावी. अर्थात पारा घालणारा ते छापेलच असं नाही. दोन आठवड्यांत गोरं करण्याची हमी हीच मला जास्त मोठी खूण वाटते.

लघवीला फेस येऊ लागला किंवा पायांवर सूज चढली, तर डॉक्टरकडे जाताना क्रीमची डबीही न्यावी. लाज वाटते म्हणून ती लपवली जाते आणि निदान लांबतं. केरळातल्या बहुतेक रुग्णांचा आजार क्रीम थांबवल्यावर ओसरला.