झिजत्या टेकडीवरचे गाव

इटली म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर रोमचे भग्न क्रीडागार, व्हेनिसचे जलमार्ग आणि पिसाचा कललेला मनोरा ही तीन चित्रे हटकून उभी राहतात. ती पाहण्यासारखी आहेत यात शंका नाही. परंतु देशाचे अंतरंग राजधानीपेक्षा त्याच्या लहान गावांतच अधिक मोकळेपणाने दिसते, हा अनुभव आपल्या देशाइतकाच तिकडेही येतो. मध्य इटलीत तर टेकडी दिसली की तिच्या माथ्यावर एखादे मध्ययुगीन गाव असावयाचेच. शेती खालच्या उतारावर आणि वस्ती शत्रूच्या व लुटारूंच्या भयाने वर, अशी ती जुनी मांडणी. भोवती तट, त्याला एखाददुसरी वेस, मध्ये चौक, चौकाच्या कडेला चर्च आणि त्याची घंटा. आपल्याकडील गढ्या पाहिलेल्या माणसास ही रचना परकी वाटत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत, रोम येथे संशोधनासाठी राहिलेल्या आमच्या कन्येकडे आम्ही उभयता गेलो होतो. तेव्हा अशा गावांपैकी एक तरी सावकाश पाहावे असे मनात होते. कन्येने निवडले ते चिविता दि बान्योरेजो. नाव लांबलचक आहे, गाव मात्र एवढेसे आहे. रोमहून उत्तरेस आगगाडीने ओर्विएतोपर्यंत जावयाचे, तेथून बसने डोंगरवळणांच्या रस्त्याने बान्योरेजो गाठावयाचे आणि मग गावातील मुख्य रस्त्याने पायी शेवटपर्यंत चालत जावयाचे. रस्ता एका सज्जापाशी संपतो, आणि पुढे एकदम काहीच नसते. खाली खोल, उघडीवाघडी दरी; दरीच्या मध्यभागी एकटाच उभा असलेला मातीचा सुळका; आणि त्याच्या माथ्यावर पिवळट दगडी घरांचा पुंजका व त्यातून वर आलेला घंटेचा मनोरा. सज्जापासून तेथवर एक अरुंद पादचारी पूल गेला आहे. गावात जाण्याचा रूढ मार्ग तो एवढाच.

ती दरी पाहताच आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून सहज उद्गार निघाला, "अहो, हे तर आपले बीहड!" उपमा अगदी नेमकी होती. भिंड-मुरैन्याकडे जाताना चंबळेच्या काठी पावसाने कोरलेल्या घळींचे जे अफाट जाळे लागते, त्याचेच हे धाकटे भावंड. इटालियन भाषेत अशा भूमीला 'कालांकी' म्हणतात. चंबळेच्या घळी नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या मातीत पडल्या आहेत, तर येथील घळी प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीत. कारण दोन्हीकडे एकच: मऊ जमीन, वाहते पाणी आणि अडवावयास कोणी नाही.

चितेप्रमाणे रचलेल्या या भूस्तरांतच गावाचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही साठवलेले आहे. खाली चिकणमातीचा थर आहे. त्यावर, लाखो वर्षांपूर्वी जवळच्या बोल्सेना सरोवराच्या परिसरातील ज्वालामुखींनी ओकलेल्या राखेपासून बनलेल्या दगडाची जाड शिळा आहे. या दगडास 'तुफो' म्हणतात. तो तोडावयास सोपा, बांधकामास उत्तम. म्हणून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी या माथ्यावर वस्ती केली. रोमन साम्राज्याहूनही जुने असे हे लोक. त्यांनी दगडात कोरलेली भुयारे व थडगी गावाखाली आजही आहेत. परंतु वरची शिळा जिच्यावर उभी आहे ती माती पावसाने धुपते आणि दोन्ही अंगांनी वाहणारे ओढे तिचा पाया खातात. या ओढ्यांची नावेही बोलकी आहेत: एक 'कियारो', म्हणजे निर्मळ, आणि दुसरा 'तोर्बिदो', म्हणजे गढूळ. खालची माती सरकली की वरची शिळा तडकते, आणि कडेचा तुकडा, त्यावरील घरादारासह, दरीत जातो. शतकानुशतके हा क्रम चालू आहे.

एके काळी चिविता हेच मुख्य नगर होते. चिविता या शब्दाचा अर्थच मुळी नगर. बिशपचे पीठ येथे होते. आजचे बान्योरेजो हे त्याचे केवळ उपनगर. दोहोंना जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. १६९५ साली मोठा भूकंप झाला, घरे पडली, पट्टी खचली. बिशपने आपले पीठ पलीकडे हलविले. त्याच्यामागोमाग प्रतिष्ठित घराणी गेली, त्यांच्यामागोमाग दुकानदार आणि कारागीर गेले. भूकंपाने जेवढे गाव रिकामे केले त्याहून अधिक ते पुढील दोन-तीन शतकांत हळूहळू रिकामे झाले. दुसऱ्या महायुद्धात जुना पूलही गेला. आजचा काँक्रीटचा पूल १९६५ सालचा आहे. याच परिसरात जन्मलेले साहित्यिक बोनाव्हेंतुरा तेक्की (१८९६–१९६८) यांनी चिवितास 'मरणारे गाव' म्हटले, आणि ते नाव गावास कायमचे चिकटले.

पूल चढताना दम लागतो, कारण शेवटचा भाग चांगलाच उभा आहे. वेस एत्रुस्कनांनी दगडात खोदलेल्या वाटेवरच मध्ययुगात बांधलेली आहे. आत शिरताच उजव्या हातास एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत लागते. खिडक्यांच्या चौकटी जागच्या जागी आहेत, पण खिडकीतून आत पाहावे तो दालन नाही, निळे आकाश आहे. मागचा सारा वाडा केव्हाच दरीत गेला. एवढी एक भिंत या गावाची कथा आमच्या साऱ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा चांगली सांगते.

मधल्या चौकात सान दोनातोचे चर्च आहे. चौकास फरसबंदी नाही, साधी माती व खडी आहे. भोवती एकमजली-दुमजली दगडी घरे, बाहेरून चढणारे जिने, जिन्याच्या पायऱ्यांवर फुलझाडांच्या कुंड्या. मोटार नाहीच. टोकापासून टोकापर्यंत चालावयास दहा मिनिटे पुरतात. सेंट बोनाव्हेंतुरा हे तेराव्या शतकातील थोर ख्रिस्ती तत्त्वचिंतक याच गावचे. १२५७ साली ते फ्रान्सिस्कन पंथाचे प्रमुख झाले आणि १२७४ साली वारले. महाकवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यांना स्वर्गात स्थान दिले आहे. आम्ही त्यांचे जन्मघर पाहावयास गेलो. घराच्या जागी हवा होती. ते घरही कड्याबरोबर कोसळले असून केवळ स्मृतिफलक उरला आहे. संतांच्या घराची ही गत, तेथे सामान्यांची काय कथा!

एका जुन्या तळघरात एक वृद्ध गृहस्थ निखाऱ्यावर पाव भाजून, त्यावर लसूण चोळून, ऑलिव्हचे तेल ओतून देत होते. इटालियन लोक त्यास 'ब्रुस्केत्ता' म्हणतात. भाकरीवर लसणीची चटणी व तेल घेणाऱ्या माणसास तो पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. कन्या दुभाष्याचे काम करीत होती. आम्ही विचारले, गावात किती माणसे राहतात? ते हसले. कन्या म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, दिवसा विचाराल तर मोजता येणार नाहीत. रात्री त्यांच्या खिडकीतून चार दिवे दिसतात, हिवाळ्यात एखादाच." आम्ही मास्तर, दुसरा प्रश्न ठरलेलाच. शाळा कोठे आहे? त्यांनी तेलकट हाताने पुलाकडे बोट दाखविले. शाळा पलीकडे.

खरोखरच, वर्षभर राहणारी माणसे आज दहा-पंधरांच्या आतबाहेर आहेत, आणि पाहुणे मात्र वर्षाला काही लाख येतात. यामागे एक युक्ती आहे. २०१३ साली बान्योरेजोच्या नगरपालिकेने पूल ओलांडणाऱ्यांवर दीड युरोचे तिकीट बसविले. तिकीट लावले तर लोक येणार नाहीत अशी कोणास भीती वाटावी, घडले उलट. तिकीट लावण्याजोगे काही तेथे आहे अशी वार्ता पसरली आणि गर्दी वाढतच गेली. आम्ही गेलो तेव्हा प्रत्येकी पाच युरो पडले. या उत्पन्नातून नगरपालिकेने रहिवाशांवरील स्थानिक कर माफ केले, आणि ओहोटी लागलेल्या त्या प्रदेशात तरुणांना कामधंदा मिळाला. कड्यास पोलादी सळयांनी व काँक्रीटच्या आधारांनी जखडण्याचे काम अभियंते करीत आहेत. भूस्खलनाची माहिती देणारे एक लहान संग्रहालय २०१२ पासून गावात आहे. ज्या झिजण्याने गावाचा घात केला, ते झिजणेच आता विद्यार्थ्यांस दाखविले जाते, हे शिक्षक या नात्याने आम्हांस फार भावले.

मग गाव जगले म्हणावे काय? या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक पक्ष म्हणतो, पाहुणे आले नसते तर घरांची छपरे बसली असती, कडा कोणी बांधला नसता आणि चिविता केवळ नकाशावर उरले असते. दुसरा पक्ष म्हणतो, संध्याकाळी कुलूप लागते ते गाव नव्हे, प्रदर्शन. घरांच्या खानावळी आणि अतिथिगृहे झाली. चूल आहे, पण ती गिऱ्हाइकासाठी पेटते. इटलीतील शेकडो डोंगरी गावांपुढे आज हाच पेच आहे. तरुण शहरांत गेले, जन्म थोडे झाले. काही गावांनी तर पडीक घरे नाममात्र एक युरोस विकावयास काढली, अट एवढीच की घेणाऱ्याने ती दुरुस्त करावीत.

आमचा कौल विचाराल तर तो आम्ही त्या लाखो तिकिटांवरून देणार नाही, दोन जुन्या प्रथांवरून देऊ. जूनच्या पहिल्या व सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्या मातीच्या चौकात गाढवांची शर्यत भरते. आम्ही गेलो तो दिवस शर्यतीचा नव्हता. पण त्या दिवशी पूल ओलांडून गेलेल्या घराण्यांची मुले-नातवंडे परत येतात आणि चौक आपल्या माणसांनी भरतो, असे त्या वृद्धांनी सांगितले. दुसरी प्रथा गुड फ्रायडेची. चर्चमधील प्राचीन लाकडी क्रूसमूर्ती त्या रात्री मिरवणुकीने बान्योरेजोस नेतात. मध्यरात्रीपूर्वी ती परत आली नाही तर तिच्यावरचा चिवितावासीयांचा हक्क संपतो, अशी परंपरा आहे. म्हणून दरवर्षी ती वेळेत परत आणतात. ती खांद्यावर घेणारे कोण? बहुतेक पलीकडे राहणारेच. म्हणजे जे गाव सोडून गेले तेच दरवर्षी गावाचे दैवत गावास परत करतात.

आम्हां ग्वाल्हेरकरांस यात आपले काही दिसल्यावाचून कसे राहील? आमचे लष्कर वसले ते १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळातून. तंबूंचे वाडे झाले, वाड्यांच्या गल्ल्या झाल्या, गल्ल्यांतून गणपती, कीर्तने, ग्रंथालये उभी राहिली. आमच्या पायाखाली चिकणमाती नाही, भूकंपानेही आम्हांस हलविले नाही. तरी वाडे रिते होतच आहेत. मुले पुण्याला, बेंगळुरूला, आमच्या कन्येप्रमाणे परदेशीही गेली. आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार, त्यांना शिकविणाऱ्या आम्हांस तरी नाही. शाळेच्या हजेरीपटावर मराठी विषय घेणाऱ्यांची नावे एकेका वर्षी एखाददुसऱ्याने कमी होतात. कडा असाच खचतो, एकदम नव्हे. मूठभर माती या पावसाळ्यात, मूठभर पुढच्या.

परंतु चिविता आम्हांस शिकवून गेले ते हेच की पूल एकाच दिशेने चालावयाचा नसतो. ज्याला जावयाचे आहे त्याने खुशाल जावे. मात्र वर्षातून एकदा तरी, गणेशोत्सवास म्हणा, दसऱ्याच्या सोन्यास म्हणा, आपल्या मुलांना घेऊन त्या गल्लीत यावे, घरात उरलेल्या वडीलधाऱ्यांशी मराठीत बोलावे, आणि मूर्ती उचलावयास खांदा द्यावा. उरलेल्यांनीही वाड्याची केवळ दर्शनी भिंत राखून समाधान मानू नये. आत एक दिवा, एक पुस्तकांचे कपाट आणि शेजारच्या दोन मुलांना शिकविण्याची एक तासाची सवड ठेवावी. यास तिकीट लागत नाही, नगरपालिकेचा ठरावही लागत नाही.

तेक्कींनी गावास मरणारे म्हटले त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. ओढे अद्याप माती नेत आहेत, सळया अद्याप शिळा धरून आहेत. येत्या गुड फ्रायडेलाही मूर्ती पूल ओलांडून जाईल आणि मध्यरात्रीच्या आत कोणाच्या तरी खांद्यावरून परत येईल.