एकाच मालिकेची दोन घरे

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात निकाल दिला आणि प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर पडले. त्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा बेंगळुरूहून दूरध्वनी आला. "मामाजी, निकाल वाचलात का?" माझ्या निवृत्तीला तेव्हा काही महिनेच उरले होते आणि सवयीने मी कचेरीतले उत्तर दिले : सारांश पाहिला आहे, पूर्ण निकालपत्र सवडीने वाचीन. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तो निकाल माझ्याबद्दल आहे."

आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी त्याने एक आठवण सांगितली. २००३-०४ च्या सुमारास भोपाळला माझ्या बहिणीच्या घरी आम्ही सारे रात्री 'जस्सी जैसी कोई नहीं' पाहत असू. त्यात बायकी हावभाव करणारा एक फॅशन डिझायनर होता. "तो पडद्यावर आला की सगळे हसायचे. तुमचे हसणे सर्वांत मोठे असायचे. मी बारा वर्षांचा होतो. मीही हसायचो, कारण न हसणे धोक्याचे वाटायचे."

पस्तीस वर्षांच्या सेवेत माझ्याविरुद्ध काही तक्रारी झाल्या, त्यांची उत्तरे मी मुद्देसूद दिली. या तक्रारीला माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाच्याच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे. त्याच्या बोलण्याने मला ज्या प्रश्नाकडे पाहायला लावले, तो मात्र आमच्या घरापुरता नाही.

'जस्सी'ची कथा मूळची आपली नव्हे. कोलंबियात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'यो सोय बेट्टी, ला फेआ' या मालिकेचा आराखडा अनेक देशांनी विकत घेतला. भारतात ती २००३ मध्ये सोनी वाहिनीवर आली, अमेरिकेत २००६ मध्ये एबीसी वाहिनीवर 'अग्ली बेट्टी' या नावाने. फॅशनच्या जगातली दिसायला साधी, पण बुद्धिमान मुलगी हा गाभा सर्वत्र तोच. मूळ मालिकेतही डिझायनर हसण्याचाच विषय होता. अमेरिकी लेखकांनी मात्र नायिकेच्या घरात आणखी एक पात्र वाढवले, ते तिच्या बहिणीच्या मुलाचे, जस्टिनचे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले हे मेक्सिकन वंशाचे मध्यमवर्गीय कुटुंब. मुलाला कपड्यांची आणि संगीतिकांची आवड. घरातले त्याला टोकत नाहीत आणि त्याची टिंगलही करत नाहीत. २०१० मध्ये मालिका संपत आली, तेव्हा कुटुंब त्याच्यासाठी एक समारंभच योजते. नायिकेच्या कार्यालयातील मार्क त्यांना थांबवतो : त्याला सांगायचे असेल तेव्हा तो सांगेल. हा मार्क स्वतः समलिंगी आणि सुरुवातीला बहुतांशी विनोदापुरता होता. पुढे आईच्या लग्नात जस्टिन आपल्या मित्राचा हात धरून नाचायला जातो. घरचे पाहतात. भाषण कोणी करत नाही.

म्हणजे एकाच मालिकेची दोन घरे झाली. एका घरातल्या मुलाला कळले की आपले माणूस आपल्याला ओळखून आहे. दुसऱ्या घरातल्या मुलाला कळले की ओळखले जाऊ नये म्हणून हसायला हवे.

यावर सहज सुचणारा खुलासा असा, की २००३ मध्ये आपल्याकडे कलम ३७७ जसेच्या तसे लागू होते. हा खुलासा मला अपुरा वाटतो. १९९५ चा केबल टेलिव्हिजन कायदा आणि त्याखालील कार्यक्रम संहिता मी कामानिमित्त अनेकदा वाचली आहे. सुरुचीला आणि सभ्यतेला बाधा आणणारे कार्यक्रम नकोत, असे ती म्हणते. समलिंगी पात्र नको, असे ती कोठेही म्हणत नाही. सुरुची कोणाची, हे वाहिन्यांनी आणि जाहिरातदारांनी ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या नाझ फाउंडेशन निकालानंतर, २०१० मध्ये, स्टार प्लसवरील 'मर्यादा : लेकिन कब तक?' या मालिकेने विवाहित मुलाचे पुरुषावरील प्रेम दाखवले, तेव्हा वाहिनीवर आभाळ कोसळले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाझचा निकाल फिरवला. तो पुन्हा सरळ व्हायला २०१८ उजाडले.

मालिकेने माणूस बदलतो का? माझे एक निरीक्षण सांगतो. २०१६ ते २०२१ या काळात कलर्स वाहिनीवर 'शक्ती : अस्तित्व के एहसास की' ही मालिका चालली. तिची नायिका सौम्या किन्नर आहे आणि ती एका प्रतिष्ठित घराची सून होते. ऐंशी ओलांडलेली माझी आई ती न चुकता पाही. शेजारी बाळ जन्मले की किन्नर बधाईला येत. आमच्याही फाटकाशी थांबत, तेव्हा आई नोकराच्या हाती पैसे पाठवून दार लावून घेई. मालिकेच्या दुसऱ्या वर्षी तिने व्हरांड्यात खुर्ची मांडायला सांगितली, पाणी दिले आणि विचारले, "तुझी आई आहे का ग?" मालिकेत अतिरंजन भरपूर होते. किन्नराची भूमिका किन्नर कलाकाराला मिळाली नाही, हा आक्षेपही रास्त आहे. पण ती खुर्ची मी पाहिली आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या खुर्चीचे मोल थोडे अधिक वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागानुसार माझ्याच पूर्वसूरींनी, म्हणजे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी, किन्नरांच्या नोंदवह्या ठेवल्या. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा लोकांपुढे नाचगाणे करणे हा कैदेस पात्र गुन्हा होता. ज्यांचे दिसणेच सरकारने एकेकाळी दंडनीय ठरवले, त्यांना दिवाणखान्यात दिसू देणे ही केवळ करमणूक कशी म्हणावी?

अभ्यासकांचेही पाठबळ आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की भारतातील ज्या खेड्यांत केबल पोहोचली, तेथे बायकांना मारहाण योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा असे म्हणण्याचे प्रमाण घटले. आपल्या सरकारचाही या शक्तीवर कधीकाळी विश्वास होता. मी सेवेत आलो त्याच वर्षी, ७ जुलै १९८४ रोजी, दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या लोकशिक्षणपर मालिकांवरून ती बेतली होती. सुरुवातीचा कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचला नाही, तो पातळ केला गेला आणि मग देशाने त्या कुटुंबाला आपले मानले. उपदेश नको, माणसे दाखवा, हा धडा दूरदर्शनला तेव्हाच मिळाला होता.

१९८५ मध्ये ब्रिटनच्या बीबीसीवर 'ईस्टएंडर्स' सुरू झाली. तीही सार्वजनिक प्रसारणसंस्थेची, तीही साध्या माणसांची. पुढच्याच वर्षी तिच्यात कॉलिन हे समलिंगी पात्र आले आणि ते दुसऱ्या पुरुषासह संसार करताना दिसू लागले. १९८८ मध्ये तेथील संसदेने 'कलम २८' आणून स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई केली. कॉलिन तरीही पडद्यावर होता. ते कलम इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकले. तेथे पडदा कायद्याच्या पुढे होता. आपल्याकडे कायदा पुढे गेला आणि पडदा मागे राहिला.

ओटीटीवर चित्र पालटले आहे, असे मला तरुण मित्र सांगतात. ते खरे आहे. 'मेड इन हेवन'च्या पहिल्या पर्वात, २०१९ मध्ये, समलिंगी नायक आहे आणि २०२३ च्या दुसऱ्या पर्वात पारलिंगी स्त्रीची भूमिका त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या पारलिंगी अभिनेत्रीनेच केली आहे. पण ही मालिका वर्गणी भरणारा माणूस आपल्या मोबाइलवर एकट्याने पाहतो. माझा भाचा एकट्याने पाहत नव्हता. तो आई, आजी आणि मामासमवेत बसला होता. प्रश्न त्या खोलीचा आहे.

सरकारी कागद या खोलीच्या पुढे गेला आहे, हे विशेष. २०२३ च्या सुप्रियो निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. परंतु त्यानंतर नेमलेल्या मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीचे काम सुरू असतानाच, २०२४ मध्ये, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, असे केंद्राने राज्यांना कळवले. शिधापत्रिकेवर जे कुटुंब बसते, ते संध्याकाळच्या मालिकेत बसत नाही.

२०१८ च्या निकालपत्रातील न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांचा एक निर्देश फारसा चर्चेत येत नाही. या निकालाला केंद्र सरकारने दूरचित्रवाणी, आकाशवाणी, वृत्तपत्रे आणि ऑनलाइन माध्यमांतून ठरावीक काळाने व्यापक प्रसिद्धी द्यावी आणि समाजातील कलंकभावना घटवण्याचे कार्यक्रम घ्यावेत, असे तो सांगतो. पोलिओच्या 'दो बूंद'ची जाहिरात माझ्या नातेवाइकांच्या पोरांनाही पाठ होती. या निर्देशानुसारची एकही जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही.

खासगी वाहिन्यांनी कोणती कथा सांगावी, हे सरकारने ठरवू नये, या मताचा मी आहे. माझी मागणी सार्वजनिक प्रसारणसंस्थेपुरती आहे. १९९० चा प्रसार भारती कायदा सामाजिक न्यायाला चालना देणे आणि दुर्बल घटकांचे हित जपणे ही तिची कर्तव्ये मानतो. त्या कर्तव्याच्या आधारे दूरदर्शनने एक साधी कौटुंबिक मालिका करावी, ज्यात असा एक मुलगा किंवा अशी एक मुलगी असेल, परीक्षा देईल, आजारी पडेल, भांडेल, आणि कोणी तिला हसणार नाही. आणि नरिमन यांच्या निर्देशावर आजवर काय केले, याचा अहवाल केंद्राने संसदेपुढे ठेवावा. मुले पाहत असतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मुले पाहत असतात, हेच तर माझे म्हणणे आहे.

बहिणीच्या घरी तो दिवाणखाना अजून तसाच आहे. तिची नात आता अकरा वर्षांची आहे आणि संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसते. मी कशाला हसतो, याकडे तिचे बारीक लक्ष असते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)